शिवेवरून परत आणलेल्या गाड्याची कहाणी

ऐक मरीआई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर शीव होती, शिवेपलीकडे दुसरं नगर होतं. तिथले लोकही आपल्याच नगराला आटपाट म्हणत. अशी सात गावं एका डोंगराभोवती गोल बसली होती.

त्या नगरात गोजरा नावाची सून राहत होती. नवरा परमुलखी चाकरीला. घरात सासू बयजा, पदरात एक लेक, तिचं नाव तुळसा. गोजराचं माहेर उगवतीच्या शिवेपलीकडे, पहिल्याच गावात. माहेरी म्हातारी आई, भाऊ म्हादू आणि भावजय. शिवेवरच्या लिंबाखाली उभं राहून हाक मारली, तर माहेरच्या विहिरीवर ऐकू जावी, इतकं जवळ.

एके वर्षी आषाढ लागला आणि नगरात पटकी आली. सकाळी माणूस औत घेऊन रानात जाई, दुपारी उलट्या-ढाळांनी त्याचे डोळे खोल जात, दिवेलागणीला दारात तिरडी दिसे. लोक भ्याले. रडायलासुद्धा भ्याले, कारण रडणं ऐकून बाई, म्हणजे मरीआई, दार ओळखते असं म्हणत. मग ते आजाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी घालत. मग उंबऱ्यावर लिंबाचा डहाळा टाकत. मग आजाऱ्याचं पाणी तोडत. पाणी दिलं तर ढाळ वाढतो, बाई कोपते, असं जुनी माणसं सांगत. आत माणूस पाणी पाणी करी, बाहेर घरचे कानांत बोटं घालून बसत.

मग गावानं गाडा केला. लाकडाचा लहानसा गाडा, आत लाकडाची मरीआई. तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, कपाळी मळवट भरला. पुढ्यात दहीभात, लिंबू, नारळ ठेवला आणि वरून कापड झाकलं. बाई, आमचा पाहुणचार झाला, आता पुढल्या गावी जा, असं म्हणून बाप्यांनी गाडा उगवतीच्या शिवेपार लोटला. लोटला आणि मागं न बघता पळत सुटले. जो मागं बघेल त्याच्या मागनं बाई येते.

हळूहळू नगरातली पटकी उतरली. घरोघरी पुरण शिजलं. देव मोठा दयाळू, असं पाटील पारावर बसून म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

इकडे काय झालं? शिवेपलीकडून निरोप आला. गोजराची भावजय गेली. तिच्या अंगावर पितं पोर होतं, तेही गेलं. सासू म्हणाली, रडायचं तर तोंडात पदर घालून रड, बाई अजून लांब गेली नसेल. गोजरानं तोंडात पदर घातला नाही. ती उठली, आणि विचारीत सुटली.

आधी सासूला विचारलं. आत्याबाई, देव दयाळू, तर हे वाईट त्यानं होऊ कसं दिलं? सासू म्हणाली, मागल्या जन्मीचं पाप. गोजरा म्हणाली, भावजयीला मागचा जन्म आठवत नव्हता, मग शिक्षा कशाची ते तिला कळावं कसं? आणि पोराला तर हाही जन्म नीट ठाऊक नव्हता. सासू म्हणाली, तू पोळ्या लाट.

मग जोशीबुवांना विचारलं. जोशीबुवा पोथी मिटून म्हणाले, देव भक्ताची परीक्षा पाहतो. गोजरा म्हणाली, परीक्षा माझ्या भावाची, आणि मेली ती भावजय. बुवा, पाटी फोडून कुणी पोराची परीक्षा घेतं का? जोशीबुवा म्हणाले, बायकांनी इतकं खोलात जाऊ नये, तिथं पाय लागत नाही.

मग पाटलांना विचारलं. पाटील म्हणाले, आपलं गाव वाचलं ना, मग तुझं काय गेलं? गोजरा पाटलांकडे नुसती बघत राहिली. पाटलांनी नजर फिरवली आणि पानाला चुना लावला.

तिघांची तीन उत्तरं घेऊन गोजरा घरी आली. तिन्हींनी पोट भरलं नाही.

पुढं काय झालं? गाडा थांबला नव्हता. माहेरच्या गावानं तो पुढच्या शिवेवर लोटला. त्या गावानं त्याच्या पुढच्या. ज्याच्या शिवेवर गाडा येई, तो दुसऱ्याच्या शिवेवर लोटून घरी पळे. असा गाडा डोंगराला वळसा घालून निघाला, आणि आषाढ सरायच्या आत मावळतीच्या शिवेनं आटपाट नगरात परत आला. लुगडं विटलेलं, चुडा पिचलेला, पण गाडा तोच. सगळ्यांनी तो ओळखला. ओळखला म्हणून एकही बोलला नाही.

गाड्याच्या आधी पटकी आली होती. पहिला बळी सुताराचा. दुसरा बळी तेल्याचा. तिसऱ्या घरी शिरली ते घर गोजराचं. तुळसा खेळता खेळता बसली, बसता बसता आडवी झाली. तिचे गाल आत गेले, बोटं सुरकुतली. ती आईला म्हणाली, पाणी. सासूनं माठाला पाठ लावली आणि म्हणाली, एक थेंब देशील तर पोर हातची जाईल. आज गाडा निघतो आहे. बाई गेली की पोर उठेल. मागल्या खेपेला उठली ना माणसं?

गोजरानं विचारलं, गाडा कुठं निघतो आहे? सासू म्हणाली, उगवतीला. जवळची शीव तीच.

गोजराच्या मनात आलं. गाडा गेला तर आई जाईल, भाऊ जाईल. गाडा राहिला तर लेक जाईल. लेक की माहेर? कुणाला वाचव म्हणावं, आणि ते तरी कुणाजवळ? ज्यानं ही निवड तिच्या पुढ्यात टाकली, त्यालाच दयाळू म्हणून हात जोडायचे होते. तिनं जोडले नाहीत. लेकीच्या कपाळावर ओला हात फिरवला, आता बाईलाच विचारायचं म्हणून परसातनं बाहेर पडली, आडवाटेनं धावत शीव गाठली, आणि लिंबामागं दडून बसली.

दुपारची वेळ. पाखरू बोलत नव्हतं. डफ वाजत वाजत जवळ आला. बाप्ये घामानं निथळत होते, कुणाचं तोंड कुणाला बघवत नव्हतं. गाडा शिवेवर आला. चांगभलं म्हणायचं, ते पुटपुटले, आणि वळून पळत सुटले. डफ लांब गेला. मग ऐकू येईना. राहिली गोजरा आणि राहिला गाडा.

गोजरा उठली.  गाड्यावरचं कापड काढू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. काढलं तर डोळे जातात, वंश जातो. तिनं डोळे मिटले, कापड ओढलं, आणि मग डोळे उघडले.

आत लाकडाची बाई. मळवट घामासारखा ओघळलेला. दहीभाताला मुंग्या लागलेल्या. बाईचे ओठ फुटलेले, भेगाळलेले. त्या भेगांतून आवाज आला, "पाणी."

गोजरा खाली बसली. पळायचं बळ नव्हतं, म्हणून बसली. बाई म्हणाली, "सात गावांनी साडी दिली, चोळी दिली, नारळ दिला. पाणी कुणी दिलं नाही."

गोजरा म्हणाली, "तू माझी भावजय खाल्लीस."

"मी कुणाला खाल्लं नाही. रोग पुढं येतो, मी त्याच्यामागनं धावत येते. आजाऱ्याच्या उशाशी बसायला येते. तुम्ही मला त्याच्यासंगं पाहता आणि म्हणता, हीच ती. मग मला उचलून शिवेपार टाकता. तो तुमच्याच हातापायांना चिकटून माझ्याआधी पुढच्या गावात पोचतो. आणि मागं, कडी घातलेल्या दाराआड, उशाशी कुणी राहत नाही."

हे ऐकून गोजराला वाईट वाटलं. पण राग गेला नाही. तिनं तो गिळलाही नाही. म्हणाली, "तू देवाघरची ना? मग सांग. त्यानं रोग केलाच का? करणारा तो नसेल, तर थांबवीत का नाही?"

 लिंबाचं पान हलेना.

मग बाई म्हणाली, "गोजरा, मीही त्याला हेच विचारलं होतं."

"काय म्हणाला?"

"ह्याचं उत्तर दिलं नाही. उठला आणि चालू लागला. मला म्हणाला, ये मागनं. तेव्हापासून ज्या घरी जाते, तिथं तो आधीच असतो. अंथरुणावर पडलेला. पाणी मागत."

 तुळसाचा आवाज गोजराच्या कानांत घुमला. ती म्हणाली, "हे उत्तर नव्हे."

"नव्हे," बाई म्हणाली. "उत्तर माझ्या ओटीत घातलेलं नाही. तहान घातली आहे."

"तुला घरी नेलं तर माझी लेक जगेल का?"

"ते मला ठाऊक नाही."

देवीला ठाऊक नाही, ह्या गोष्टीचं गोजराला सगळ्यात जास्त भय वाटलं. तरी तिनं विचारलं, मी काय करू? बाई म्हणाली, वसा घे. भिशील, रडशील, घेतला वसा टाकशील. गोजरा म्हणाली, भीन, रडेन, घेतला वसा टाकणार नाही. मग बाईनं वसा सांगितला. आषाढातल्या मंगळवारी तांदळाची पेज करावी. पाणी उकळतं असावं, मीठ हातानं घालावं. आपला उंबरा ओलांडून आजाऱ्याच्या घरी जावं, त्याला घोट घोट पाजावी. आधी त्यानं प्यावी, मग आपण जेवावं. आणि आपल्या दारची पीडा दुसऱ्याच्या दारी लोटू नये.

मग गोजरा काय करती झाली? तिनं गाड्याचा दोर खांद्याला घेतला आणि गाडा उलटा फिरवला.

वेशीतून गाडा आत आला. पोरं घरात ओढली गेली. दारं धाडधाड लागली. सासू दारात उभी होती. म्हणाली, "लेक खाल्लीस गं, आता मला तरी सोड." गोजरा म्हणाली, "आत्याबाई, बाजूला व्हा, चूल पेटवायची आहे." आणि गाडा अंगणात उभा केला.

पाटील काठ्या घेऊन चार माणसं आणते झाले. जोशीबुवा मागं उभे राहिले. पाटील ओरडले की गाडा काढा. पण काढणार कोण? गाड्याला हात लावायची कुणाची छाती होईना. तू धर, तू धर, असं एकमेकांना ढकलत राहिले. ज्या भीतीनं त्यांनी गाडा लोटला होता, तीच गोजराच्या दाराची राखण करीत उभी राहिली.

आत गोजरानं पेज केली. बोटावर थेंब घेऊन लेकीच्या ओठांना लावला. ओकली. पुन्हा लावला. पुन्हा ओकली. पुन्हा लावला, राहिला. मग चमचा, मग पळी. सासू भिंतीला टेकून डोळे मिटून होती. काही वेळानं तिनं डोळे उघडले. नात चुळबुळत होती, आणखी मागत होती. सासू उठली, आणि तिनं दुसरं भगुणं चुलीवर चढवलं.

लेक सासूच्या मांडीवर देऊन गोजरा भांडं घेऊन बाहेर पडली. पहिल्या दारी गेली, दार उघडलं नाही. दुसऱ्या दारी गेली, आतून शिव्या आल्या. तिसरं दार पाटलांचं. पाटील तिच्या अंगणात काठी घेऊन उभे, आणि त्यांच्या घराला बाहेरून कडी. गोजरानं कडी काढली. आत पाटलांची सून, सगुणा, जमिनीवर सरपटत माठापर्यंत गेली होती. माठ पालथा होता. गोजरानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पेज पाजली. सगुणेनं तीन घोट घेतले आणि गोजराचा हात धरला. हात शेवटपर्यंत सोडला नाही. उशीर झाला होता. ती गेली.

गोजरा मोठ्यानं रडली. तोंडात पदर न घालता रडली. ते रडणं पाटलांनी ऐकलं. ते धावत आले, दारात थबकले. सुनेच्या ओठांवर पेज ओली होती. पाटलांच्या हातची काठी गळाली. गोजरानं त्यांना काही सुनावलं नाही. फक्त भांडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पाटीलबाबा, सुताराच्या घरी अजून दोघं आहेत."

पाटील गेले. मग एक कडी निघाली. मग दुसरी निघाली. मग आळीतल्या साऱ्या कड्या निघाल्या. जोशीबुवांनी सरपण वाहिलं.

इकडे माहेरच्या गावाचे लोक शिवेवर काठ्या घेऊन गाड्याची वाट बघत बसले होते. गाडा आला नाही. न आलेल्या गाड्याची त्यांना जास्त धास्ती वाटली. शेवटी म्हादू बघायला आला. त्यानं बहिणीच्या अंगणात गाडा पाहिला आणि त्याला सगळं समजलं. संध्याकाळी म्हातारी आई शिवेवरून आली, तिच्या डोईवर तांदळाचं गाठोडं होतं.

त्या आषाढात पुष्कळ वाचले. तुळसा वाचली. काही गेले, ते परत आले नाहीत. पण कड्या निघाल्यावर जो गेला तो कुणाच्या तरी मांडीवर गेला. कोरड्या तोंडानं आणि बंद दाराआड कुणी गेलं नाही.

मरीआईला लोकांनी गावात देऊळ बांधलं. दर मंगळवारी गोजरा तिथं जाई, आधी बाईला पाणी दाखवी, मग कमरेवर हात ठेवून विचारी, सगुणा का गेली? बाई उत्तर देत नसे. गोजरा म्हणे, बरं, पुढल्या मंगळवारी विचारीन. सासू आधी रागवे. मग गप्प बसे. मग एकदा गोजराच्या शेजारी उभी राहून तिनंही विचारलं. तेव्हापासून विचारणं हेही वशात धरलं जातं. जी पेज देते पण विचारीत नाही, तिचा वसा अर्धा. जी विचारते पण पेज देत नाही, तिचाही अर्धा.

जसा मरीआईचा गाडा गोजराच्या दारी थांबला, तसा तुमच्या-आमच्या दारी थांबो, शेजारणीच्या दारी लोटला न जावो. हात कापले तरी भांडं न सांडो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली, सुफळ झाली. एक उत्तर देवाकडे राहिलं आहे. ते येईल तेव्हा संपूर्ण.