सालोमीचे बोलणे

प्रवरेच्या काठी जांभूळखडी गावात शमुवेलबाबा राहत असत. ख्रिस्ती देवळामागची झोपडी, एक घोंगडी आणि येईल त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेणे, एवढाच बाबांचा संसार. लोक बाबांचा उपदेश ऐकायला म्हणून येत आणि स्वतःच बोलून निघून जात. काय म्हणावे अशा भक्तांना!

गावचे उपदेशक लाजरसराव त्यांतले अग्रणी. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगे. पण ते प्रार्थनेला उभे राहिले की घरोघरी चुलीवरची आमटी आटून जाई. विहिरी खोदणाऱ्या शिलासची बायको सालोमी बोलताना फार अडखळे. ती प्रार्थना करू लागली की लाजरसराव हसून म्हणत, "बस बाई, देवाला दुसरी कामं आहेत."

एके दिवशी भर दुपारी नव्या विहिरीची दरड कोसळली आणि शिलास खाली गाडला गेला. गाव धावला. जो तो ओरडू लागला. पश्चिमेच्या अंगाला शिलासची कुदळ दिसत होती, म्हणून लाजरसरावांनी तिथेच खणायला लावले आणि काठावर उभे राहून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. सालोमी रडत पुढे आली. "भाऊ, ते... मी... मी..." तिचा हात पूर्वेकडे होता, पण बघतो कोण!

"अगं, तुझं बोलणं संपेपर्यंत शिलास संपेल! हो बाजूला!" लाजरसराव खेकसले.

तेवढ्यात बाबा आले. एरवी शांत असलेल्या बाबांच्या कपाळाला आज आठी होती.

"लाजरसराव, देव काय बहिरा आहे? त्याला सगळं सांगून झालं असेल, तर आता थोडं ऐकाल का? गप्प बसा सगळे!"

मग ते तिथेच मातीत बसले. "बोल लेकरा. मी थांबलोय."

"मी... भाकर दिली. ते... त्या... त्या अंगाच्या कपारीत... जे... जेवाया बसले व्हते."

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. आणि काय नवल! कुत्री, पाखरे, वारासुद्धा थांबला. त्या शांततेत पूर्वेच्या मातीखालून दगडावर दगड आपटल्याचा बारीक आवाज आला. माणसांनी तिकडे खणले, तो शिलासच्या डोक्यावर भला मोठा धोंडा कशाच्याही आधारावाचून थांबलेला! त्याला बाहेर ओढले आणि मगच धोंडा धाडकन खाली बसला. केवढी ही प्रभूची दया!

लाजरसराव बाबांच्या पायांवर कोसळले. बाबांनी पाय मागे घेतले. "माझी नव्हे. तिची क्षमा मागा."

ते सालोमीपुढे गेले आणि सवयीने लांबलचक बोलू लागले. बाबा नुसते खाकरले. लाजरसराव जागीच गप्प झाले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

"भाऊ..." सालोमी म्हणाली आणि अडखळली. लाजरसराव मान खाली घालून, हात जोडून थांबले. सारा गाव थांबला.

"भाऊ... भा... भाकर खाऊन जा."