शिवलिंगअण्णांची पंधरा मिनिटं

“अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं केली, आप्पा. आता तुम्हीच सांगा, एवढ्यात माणसानं बोलायचं तरी काय?”

शिवलिंग कोरे मठाची पायरी चढता चढताच बोलायला लागले होते. दुपारच्या उन्हात टेकडी चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती, पण राग धापेच्याही पुढे धावत होता.

मठाचे स्वामी आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी शेजारची जागा हातानं झाडून दिली.

शिवलिंगअण्णा या मठाचे जुने शिष्य. गावच्या रेडिओवर रोज दुपारी एक ते दीड त्यांचं प्रवचन असे. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. हा रेडिओ आपल्यामुळेच चालतो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं, आणि ते मत ते कुणापासून लपवून ठेवत नसत.

सोमवारपासून रेडिओच्या समितीनं त्यांचा निम्मा वेळ काढून रिबेका सिस्टरला दिला. तेव्हापासून अण्णा रुसून स्टुडिओकडे फिरकले नव्हते. समितीचाही निरोप आला होता: पंधरा मिनिटं मान्य आहेत की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर तीही दुसऱ्या कुणाला देऊ. अण्णांनी रेडिओ सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं. आप्पांच्या तोंडून ‘बरोबर केलंस’ एवढं ऐकलं की झालं.

बायको गेल्यापासून त्या अर्ध्या तासाखेरीज त्यांच्या दिवसात दुसरं काही उरलं नव्हतं. हे मात्र त्यांनी आप्पांना सांगितलं नाही. स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

“ती सिस्टर बोलते काय?” आप्पांनी विचारलं.

“बोलते कुठं? तीच तर रड आहे.”

मग अण्णांनी सगळं गाऱ्हाणं ओतलं. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली. माइकसमोर बसते आणि वॉर्डात फेरी मारल्यासारखी विचारपूस करते. झोप लागली का, गोळी घेतली का. आणि प्रत्येक प्रश्नानंतर चक्क गप्प बसते. खाटेवरचा पेशंट उत्तर देईपर्यंत थांबायची सवय हाडात मुरलेली, ती माइकपुढेही जात नाही. मधली शांतता कापून टाकतो, असं स्टुडिओतल्या पोरांनी म्हणून पाहिलं. तर म्हणाली, मग मी येतच नाही.

“रेडिओवर गप्प बसायचं, आप्पा. आणि तेही माझ्याकडून काढून घेतलेल्या वेळात.”

“हं…”

आप्पा हात पुसत उठले. कोनाड्यातला रेडिओ काढून त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला. सेलचं झाकण हरवल्यानं त्याला रबर गुंडाळलेलं होतं. अण्णांच्या जागी भजन लावून दिलं होतं, ते संपत आलं होतं.

“मी रिबेका,” रेडिओतून आवाज आला. “गुडघा कसा आहे आज?”

आणि ती थांबली. रेडिओ नुसता खरखरत राहिला.

“कालच्यापेक्षा बरा हाय गं,” आप्पा म्हणाले.

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढा मोठा माणूस, आणि डब्याशी बोलतो.

“बरं,” सिस्टर म्हणाली. “शेक घ्यायचा सोडू नका.”

“न्हाई सोडत.”

पुढचा प्रश्न यायला जरा वेळ लागला.

“घरात एकटं कोण बसलंय? जेवण झालं का?”

…

अण्णांच्या घरी मुलगा आणि सून सकाळीच कामाला जात. सून ताट झाकून ठेवी. पोर मनानं वाईट नव्हती, तिला थांबायला सवड नव्हती एवढंच. ते ताट पुष्कळदा संध्याकाळपर्यंत तसंच राही आणि अण्णा ते गुपचूप गाईपुढे ठेवत.

शांतता लांबली.

“न्हाई अजून,” अण्णा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण बोललो. आवाजात खणखणीतपणा औषधालाही नव्हता. आधी त्यांना लाज वाटली, मग डोळे भरून आले. फार वाईट वाटलं त्यांना, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं. उन्हाचं निमित्त करून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

आप्पा आत गेले आणि ताट वाढून घेऊन आले. ज्वारीची भाकरी होती, आमटी होती, वाफ निघत होती. अण्णांनी चार घास खाल्ले. रेडिओवर सिस्टर कुणाला तरी गोळीचं विचारत होती.

“समितीला काय सांगू, आप्पा?”

“पंधरा मिनिटं घेतो म्हण.”

“पण त्यात बोलू काय?”

“निम्मीच बोल.”

अण्णांचा घास हातातच राहिला. मागायला आलो होतो काय, आणि पदरात पडतंय काय…

“आणि उरलेली?”

आप्पांनी त्यांच्या ताटात आणखी थोडी आमटी वाढली.

“ती ऐक.”