खंड्याची सावली

नदीवर एकही पूल नव्हता, त्या काळची ही गोष्ट. खंड्या पक्ष्यांत रीत होती की नराने स्वतः पकडलेला मासा मादीला द्यावा, मगच दोघांनी संसार मांडावा. एक तरुण खंड्या रोज सकाळीच मासे धरायला येई; त्याचे तीन दिवस रिकामे गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी मादी म्हणाली, "दुपारपर्यंत थांबते. मग मी चालले खालच्या डोहाकडे."

खंड्याने आणखी वेगाने सूर मारला. चोच पुन्हा रिकामीच.

"वेग पुरे झाला रे, जागा बदल," पाण्यातून डोके काढून म्हातारे कासव म्हणाले.

"आजोबा, तुम्ही जन्मात कधी उडालात का?" खंड्या फणकारला. "आणि मला सूर मारायला शिकवताय!"

कासव हसले. "उडालो नाही. पण तू येतोस कसा, ते रोज खालून पाहतो. सूर्य तुझ्या पाठीशी असतो. तुझ्याआधी तुझी सावली पाण्यात पोचते आणि मासे पळतात. समोरच्या काठावर बस, तोंडावर ऊन घे."

खंड्याला राग आला. पण तीन दिवसांत हे त्याला एकदाही दिसले नव्हते. तो पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. डोळे दिपत होते. तरी त्याने सूर मारला आणि चोचीत लखलखती मासोळी घेऊनच वर आला. मादीने ती घेतली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आजोबा, आता मला सगळं आलं!" खंड्या ओरडला.

"शाबास! तुझा सूर मुळातच देखणा आहे," कासव म्हणाले. "पण दुपारनंतर मला भेट. तेव्हा सूर्य बाजू बदलतो."