आतूनही सोन्यासारखी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण त्याच्या राज्यातल्या एका पातेल्याची हकिगत लोक अजून सांगतात. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन खाणावळी होत्या. एक होती एका आचाऱ्याची आणि समोरची एका बाईची. आचाऱ्याच्या हातची कढी प्यायला वाटसरू वाट वाकडी करून येत.

एकदा राजाने दवंडी पिटवली. राजकन्येच्या लग्नाचं वऱ्हाड या गावी जेवायला थांबणार होतं. ज्या खाणावळीची भांडी सगळ्यात लख्ख, तिला वऱ्हाडाला जेवू घालायचा मान मिळणार होता.

तो मान आपल्यालाच मिळावा, असं आचाऱ्याला फार वाटलं. त्याने सगळी पितळी पातेली अंगणात काढली, चिंच आणि वाळू घेतली आणि घासायला बसला.

तेवढ्यात कल्हईवाला आला. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर देतात, ती कल्हई. पातेल्यात डोकावून तो म्हणाला, "आचारीबुवा, कल्हई विरळ झालीय. लावून देऊ?"

"आणि तुझ्या भट्टीवर ती बाहेरून काळी पडली म्हणजे? आज नको रे बाबा. समोर जा. तिकडे काळ्याचं कुणाला काही वाटत नाही."

समोरची बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "काय म्हणालात भाऊजी?"

"म्हटलं, तुमची पातेली आहेत की कोळशाच्या पाट्या?"

बाई हसली. तिने आपली पातेली कल्हईला दिली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

बाहेरून घासून झाल्यावर आचाऱ्याने पातेली आतून घासायला घेतली. आतला मळकट पांढरा रंग त्याच्या डोळ्यांत खुपत होता. घासता घासता तो पार निघून गेला आणि खालचं पिवळंधमक पितळ दिसू लागलं. आचारी हरखून गेला.

राजाचा कारभारी पाहणीला आला. पातेल्यात वाकून पाहताच त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या. त्याने त्या तिथेच सारख्या केल्या.

"वा! आतूनही सोन्यासारखी!" तो म्हणाला, आणि मान आचाऱ्याला मिळाला.

वऱ्हाडाच्या दिवशी सकाळीच कढी तयार झाली. पण वऱ्हाडाला उशीर झाला. ऊन चढलं, तरी कढी पातेल्यातच होती. आचाऱ्याच्या बायकोने चमचाभर चाखली आणि लगेच थुंकली.

"अहो, कढी कळकलीय."

आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला, की त्यात पितळ उतरतं. त्यालाच कळकणं म्हणतात. चव कडवट होते, आणि पोटात गेलं की पोट ढवळून निघतं.

"काहीतरीच! पातेली आतून बघ कशी झळकतायत," आचारी म्हणाला.

"झळकतायत म्हणूनच म्हणते. कल्हई कुठाय?"

"शुभकार्याच्या दिवशी तुझं आपलं काहीतरी वाकडंच! वरून हिंगाची फोडणी देतो. कुणाला कळणारही नाही."

"जिभेला नाही कळणार. पोटाला कळेल."

"हे बघ माझं पोट!" असं म्हणून आचाऱ्याने दोन वाट्या कढी घटाघटा प्यायली आणि मिशा पुसल्या. "झालं काही?"

तेव्हा काही झालं नाही. वेशीवर सनई वाजली, तेव्हा झालं. आचारी पोट धरून गोठ्यामागे पळाला आणि भडभडून ओकला.

तो परत आला, तर पानं मांडलेली होती. फोडणीचा वास सगळीकडे दरवळत होता. कढीचं खरं दोघांनाच ठाऊक होतं आणि बायको त्याच्याकडे बघत होती. पहिल्या पंगतीला वऱ्हाडातली मुलं बसली होती. एका लहान मुलीने आपला द्रोण दोन्ही हातांनी धरून आधीच पुढे केला होता.

आचाऱ्याने पातेलं उचललं, मागच्या खड्ड्याजवळ नेलं आणि सगळी कढी ओतून दिली. मग तो रस्ता ओलांडून समोर गेला.

"वहिनी, कढी आहे का?"

"आहे की. पण भाऊजी, माझ्या कोळशाच्या पाट्या वऱ्हाडाला चालतील?"

"चालतील," आचारी मान खाली घालून म्हणाला. "आतून पांढऱ्या आहेत."

बाईने कढीच्या पातेल्याचा एक कान धरला आणि दुसरा त्याच्यापुढे केला.

वऱ्हाड पोटभर जेवलं आणि सुखाने पुढे गेलं. आचाऱ्याने कारभाऱ्याला घडलं ते सगळं सांगितलं. मानाचा नारळ समोरच्या बाईला मिळाला.

पुढे आचाऱ्याच्या खाणावळीत एक रीत पडली. गिऱ्हाईक पानावर बसण्याआधी तो रिकामं पातेलं तिरकं करून आतून दाखवी. बाहेरून ते काळंच असे. तरी कढीसाठी लोक पुन्हा वाट वाकडी करून येऊ लागले.

तात्पर्य : भांड्याची झळाळी बघणाऱ्यासाठी असते आणि कल्हई जेवणाऱ्यासाठी. जो दुसऱ्याला जेवू घालतो, त्याने आधी कल्हई पाहावी.