डालग्यातली पिल्लं

फार मागे, कोंबड्या एकमेकींची उणीदुणी काढत बसायच्या तेव्हाची गोष्ट. कवडी कोंबडीची आधीची सगळी पिल्लं घारीनं उचलली होती. म्हणून या खेपेला तिनं पिल्लांना बांबूच्या डालग्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मालकीण वरच्या भोकातून हात घालायची. आधी तिच्या हाताची सावली पडायची, मग कण्या पडायच्या.

शेजारची लंगडी कोंबडी मात्र पिल्लांना उकिरड्यावर मोकळं सोडायची. नुसता कावळा उडाला तरी ओरडायची, "पळा, मेल्यांनो!" पिल्लं धडपडत निवडुंगात घुसायची.

"कसली गं आई तू!" कवडी म्हणायची. "अंगभर काटे नि माती."

"असू दे. तुझ्या पिल्लांना पळता तरी येतं का गं बाई?"

"त्यांच्यावर पळायची वेळच येणार नाही."

एके दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यानं डालगं उलटलं. अंगणावरून घारीची सावली सरकली. लंगडीची पिल्लं केव्हाच निवडुंगात गडप झाली.

"पळा!" कवडी किंचाळली.

हा शब्द तिच्या पिल्लांनी तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. सावली मात्र त्यांच्या ओळखीची होती. पिल्लं आनंदानं धावत त्या सावलीखाली गेली आणि चोची वर करून दाण्यांची वाट बघत उभी राहिली.