नगाऱ्याआड लपवलेला ताप

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती आणि त्यांचं एकमेकांशी हाडवैर होतं. राज्यात रोगराई आली की दोन्हीकडे किल्ल्यावर नगारे वाजत, तोरणं लागत. आपण आजारी आहोत हे शत्रूला कळू नये, म्हणून हा खटाटोप. ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली, असं दोन्ही राजांना वाटे.

एका वर्षी पूर्वेच्या राज्यात ताप आला. अंगावर लाल चट्टे उठत आणि आठवड्यात धडधाकट माणूस जाई. राजाने नगारे वाजवायला सांगितले. पाचव्या दिवशी त्याची मुलगीच तापाने फणफणली.

दरबारच्या म्हाताऱ्या वैद्यबाई म्हणाल्या, "महाराज, माझी औषधं चालेनात. पलीकडे विचारायला हवं."

"म्हणजे आम्ही आजारी आहोत, हे आपणच सांगायचं? उद्या त्यांचं सैन्य दारात येईल."

"येईलही. पण आपले कोळी रोज तिकडे मासे विकतात. ताप कधीच पोचला असेल. निदान त्यांना सावध तरी करू."

राजा मुलीच्या उशाशी बसला. नगाऱ्यांच्या आवाजाने पोरगी सारखी दचकत होती. ते पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने नगारे बंद करवले आणि म्हणाला, "जा बाई. खरं तेच सांगा."

पलीकडच्या दरबारात वैद्यबाईंनी सगळं सांगितलं. सेनापती राजाच्या कानाशी लागला, "महाराज, चालून जायची हीच वेळ आहे."

राजाने त्याला हातानेच थांबवलं. "बाई, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे दहा दिवस नगारे वाजत होते. आठवतं?"

"आठवतं की. तुमचा उत्सव बघून जळफळाटाने आम्ही पंधरा दिवस वाजवले."

"तो उत्सव नव्हता. हाच ताप होता. माझा धाकटा भाऊ त्यात गेला. औषध सापडलं ते नंतर."

वैद्यबाई म्हणाल्या, "तेव्हाच कळलं असतं, तर ते औषध आज आमच्या घरात असतं."

त्याच दिवशी राजाचा वैद्य औषधी सालीची पोती घेऊन बाईंच्या होडीत बसला. मुलगी वाचली. पुष्कळ माणसं वाचली, सगळी मात्र नाही.

मग दोन्ही राजांनी ठरवलं, पहिला रोगी दिसला की त्याच दिवशी पलीकडे निरोप धाडायचा आणि औषधाची कोठारं दोन्ही काठांवर भरून ठेवायची. वैर काही लगेच संपलं नाही. हद्दीवरून हमरीतुमरी चालूच राहिली. पण दोन वर्षांनी पश्चिमेला त्याच तापाची नवी साथ उठली, तेव्हा दुपारच्या आत पूर्वेला निरोप पोचला होता. त्या साथीत दोन्ही काठांवर एकाही घरात रडारड झाली नाही.

तात्पर्य एवढंच: शत्रूपासून लपवलेलं दुखणं दोघांनाही गाठतं, आणि वेळेवर सांगितलेलं दोघांनाही वाचवतं.