तांब्याभर गेरू

सोनवडी संस्थानचे कारभारी विसाजीपंत. उभ्या जन्मात कुंचला हातात धरला नाही, पण रंगातलं कळतं ते फक्त आपल्यालाच, असा त्यांचा तोरा.

दिवाणखान्याला ऊबदार रंग हवा म्हणून राजेसाहेबांनी दोन नमुने मागवले. म्हाळसाबाई रंगारणीने आदल्या दिवशीच वाड्याच्या कोठीतला गेरू घेऊन भिंतीवर गेरू-चुन्याचा पट्टा ओढला. कारभाऱ्यांचा मेव्हणा दाजिबा, याने त्याच कोठीतला गेरू घेऊन शेजारी आपला पट्टा ओढला, तोही राजेसाहेब यायच्या जरा आधी.

राजेसाहेब येताच कारभारी गरजले, "बघा सरकार! दाजिबाचा रंग कसा डाळिंबासारखा! आणि हिचा? पार विटका! बाईने कोठीतला गेरू चोरलाय. घ्या हिच्या गाठोड्याची झडती!"

शिपायाने चारचौघांत गाठोडं उपसलं. निघालं काय? भाकरी आणि चार कुंचले. पंचवीस वर्षं याच वाड्याच्या भिंती रंगवलेल्या बाईची ही किंमत!

म्हाळसाबाई संतापाने पुढे झाली. तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि आपल्या पट्ट्यावर ओतला. रंग क्षणात गडद झाला, अगदी दाजिबाच्या रंगासारखा.

"सरकार, मी चोरलेला गेरू तांब्याभर पाण्यातून परत आला का? ओला रंग गडदच दिसतो, वाळला की उजळतो. एवढं तरी कारभाऱ्यांना ठाऊक हवं होतं."

मग तिने शेजारी बोट दाखवलं. दाजिबाचा पट्टा वाऱ्याने वाळून कडेकडेने फिका पडू लागला होता.

"आता यांचीही झडती घ्या. यांचा गेरू तर तुमच्या डोळ्यांदेखत चोरीला जातोय!"